वय, डोळा आणि मोटारीची शर्यत



बदलापूरच्या पश्चिमेकडील बेलवली हें माझें राहण्याचें ठिकाण. वय एकसष्ट. पेशा हिशेबनिसाचा आणि हौस मोटार वेगानें हांकण्याची. मैदानांत रबरी शंकू मांडून एकेक गाडी घड्याळाविरुद्ध सोडतात, तसल्या हौशी शर्यतींत मी पंचवीस वर्षें भाग घेत आलों आहें. गेल्या उन्हाळ्यांत अशाच एका शर्यतीच्या तिसऱ्या फेरींत शेवटचें वळण मला वेळेवर दिसलें नाहीं. गाडी दोन शंकू उडवून धुळींत जाऊन उभी राहिली. इजा कोणास झाली नाहीं. परंतु घरीं परततांना पुतण्या म्हणाला, "काका, आतां हात मंदावले तुमचे. पुरें करा." तें मला झोंबलें, आणि तें खरें आहे कीं काय, हें तपासण्याचें मीं मनाशीं ठरविलें.

प्रथम हातांचाच हिशेब पाहूं. दिवा लागतांच कळ दाबावी, एवढ्या साध्या कामास तरुण माणसाला सुमारें पाव सेकंद लागतो. तिशीनंतर हा काळ वाढत जातो, पण फार सावकाश. साठीला भर पडते ती सेकंदाच्या कांहीं शतांशांची. अनेक पर्यायांतून एक निवडावयाचा असला, तर ती अधिक होते. ताशी १२० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदाला ३३ मीटर धांवते. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग गमावला कीं सव्वातीन मीटर जमीन मागें पडली. नुकसान खरेंच. पण शर्यतीचा मार्ग म्हणजे कांहीं स्थानकाबाहेरचा रस्ता नव्हे. वळण कोठें येणार, ब्रेक कोठें दाबावयाचा, हें चालकाला आधींच ठाऊक असतें. जेथें अकस्मात असें थोडें, तेथें अनुभवी माणूस हाताची मंदी डोक्यानें भरून काढतो.

हें मी स्वतःचें समाधान करून घेण्यासाठीं सांगत नाहीं. अर्जेंटिनाचा ह्वान मान्युएल फांजिओ हा १९५७ साली जर्मनींतील नुरबुर्गरिंगच्या अवघड मार्गावर जिंकला, तेव्हां सेहेचाळीस वर्षांचा होता. चाकें बदलण्यासाठीं थांबून तो बराच मागें पडला होता; मग फेरीमागून फेरी विक्रम मोडीत त्यानें पुढच्या दोघां तरुणांना गांठलें. अमेरिकेचा नट पॉल न्यूमन तर १९९५ साली, सत्तराव्या वर्षीं, डेटोना येथील चोवीस तासांच्या शर्यतींत आपल्या गटांतील विजयी संघाचा एक चालक होता. अर्थात् अशीं माणसें विरळा, आणि त्यांच्या दिमतीला जो लवाजमा असतो तो आम्हां हौशी मंडळींना कोठून मिळणार!

मग माझें वळण चुकलें कशानें? उत्तर डोळ्यांत सांपडलें. वय वाढतां बाहुली लहान राहूं लागते आणि भिंग पिवळसर, गढूळ होतें. विशीच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत जेवढा प्रकाश पोंचतो, त्याच्या सुमारें एकतृतीयांशच साठीच्या डोळ्यांत पोंचतो. गढूळ भिंगांत प्रकाश विखुरतो, म्हणून तिरपें ऊन समोर आलें कीं सारें दृश्य पांढरें होतें. आणि दिपलेला डोळा पूर्ववत् होण्यास वेळही अधिक लागतो. ती फेरी सायंकाळीं पांच वाजतां, सूर्य समोर असतांना होती. शिवाय शिरस्त्राणाची कांच मीं गडद रंगाची लावलेली. उरलासुरला उजेडही मीच अडविला होता!

दुसरें कारण उष्म्याचें. हृदयाचे कमाल ठोके तिशींत मिनिटाला सुमारें १८७ धरले, तर साठींत ते १६६ च्या आसपास येतात. बंद, तापलेल्या गाडींत जाड पोशाख घालून बसलें असतां तरुणाचें हृदय जें काम हंसतखेळत करतें, तेंच करतांना म्हाताऱ्याचें हृदय छताला टेकतें. घाम कमी येतो, आणि तहान लागली हेंही उशिरा कळतें. मीं त्या दुपारीं दोन पेले चहा घेतला होता. पाणी बहुधा नाहींच. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ पंचेचाळिशीपुढील चालकांकडून श्रमाखालील हृदयाचा आलेख मागतो, त्याचें मर्म मला तेव्हां कळलें.

पुण्याचे संजय टकले यांनीं पन्नाशी उलटल्यावर, २०२५ साली सौदी अरेबियांतील डाकार क्लासिक ही वाळवंटांतील स्पर्धा केली. तींत जुन्या गाड्या चालवावयाच्या असतात, आणि सर्वांत वेगवान कोण यापेक्षां नेमून दिलेली सरासरी गति कोण अचूक राखतो, यावर गुण ठरतात. तेथें उतावळा तरुण जागोजाग दंड भरतो. वयाला मानवणारे खेळ आहेत, ते असे.

पुतण्याला मीं हा सारा हिशेब मांडून दाखविला. तो म्हणाला, "आधीं डॉक्टरांचा कागद आणा." डोळ्यांची तपासणी झाली आहे, डाव्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली. श्रमाखालील आलेख पुढल्या आठवड्यांत आहे. गडद कांच काढून स्वच्छ कांच बसविली आहे. यंदा सकाळच्या फेऱ्यांपुरतेंच नांव द्यावयाचें, आणि तेंही आलेख चांगला आला तर, असें आम्हां दोघांत ठरलें आहे.