पेढीवरील जुना संगणक

व्यापारास उपयोगी अशा एखाद्या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. खडेबाजार व रविवार पेठेतील पेढ्यांवर हल्ली वारंवार निघणारा एक प्रश्न आहे. जुना संगणक काढून त्या जागी मोठ्या कचेऱ्यांनी वापरून सोडलेला आणि दुरुस्त करून पुन्हा विकावयास काढलेला संगणक घ्यावा की काय? त्याविषयीच लिहितो.

१ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. लागू झाला, त्या सुमारास पुष्कळ पेढ्यांवर प्रथम संगणक आला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बिनब्रँडच्या धान्यपिशव्यांवरही कर बसला आणि केवळ अशा पिशव्या विकून निश्चिंत असणारेही या यंत्राच्या अधीन झाले. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेची डागडुजी पुरविणे सर्वसाधारणपणे बंद केले. नवे विंडोज ११ बहुतेक जुन्या यंत्रांस मानवत नाही. यंत्र चालते, परंतु कुलपाची किल्ली चोरांच्या हाती पडण्याचा संभव दिवसेंदिवस वाढतो. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मात्र यंत्र मंद झाले म्हणून ते निकामी झाले, असे मानू नये. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते व काटा सरकतो. तेथेच बहुधा वेळ जातो. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास तेच यंत्र तरतरीत होते. आमचे दिवाणजी टॅली उघडेपर्यंत चहा घेऊन येत असत, त्यांचा तो चहा आता बंद झाला! परंतु एवढ्याने विंडोज ११ चा प्रश्न सुटत नाही, हेही खरे.

बेंगळुरूच्या एस.पी. रोडवर व आता आपल्याकडेही जी यंत्रे मिळतात, त्यांवर 'आय-५' असे ठळक लिहिलेले असते. पोत्यावर 'शरबती' छापले म्हणून गहू कोणत्या सालचा हे का कळते? आपण पोत्यात सळई खुपसून नमुना काढतो, तसा येथेही काढावा. आय-५ नंतरचा आकडा पाहावा. ८५०० असेल तर यंत्र आठव्या पिढीचे, ४५७० असेल तर चौथ्या. विंडोज ११ ला इंटेलची साधारणतः आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. आम्हास एके ठिकाणी १६,००० रुपये भाव सांगितला, दुसरीकडे ९,०००. स्वस्त यंत्र चौथ्या पिढीचे निघाले. म्हणजे घरी असलेल्या यंत्राहूनही जुने. पक्के बिल, लेखी हमी आणि विंडोजचा अधिकृत परवाना मागताच काही विक्रेते विषय बदलतात, तेथून उठून यावे.

सर्वांत महत्त्वाची बाब जुने यंत्र बदलीत देण्याची. विक्रेता त्याचे दोन-तीन हजार वजा करतो, म्हणून आपण आनंदाने देऊन टाकतो. आपली खतावणी, गिऱ्हाइकांची उधारी, खरेदीचे भाव हे सारे त्यात असते, आणि फाइल पुसली म्हणजे ती नाहीशी होतेच असे नाही. वडिलांच्या काळी कोणी रोजकीर्द रद्दीवाल्यास घालीत नसे. शिवाय वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे जी.एस.टी. कायद्याने बंधनकारक आहे. सबब हिशेबाच्या दोन प्रती आधी काढाव्यात, डिस्क काढून घ्यावी आणि मगच सांगाडा द्यावा.

आम्ही बँक व कराच्या कामासाठी आठव्या पिढीचे यंत्र घेतले. जुन्यास एसएसडी बसवून, इंटरनेटची तार काढून, त्यास गोदामात वजनाच्या पावत्यांसाठी ठेवले आहे. त्याची मूळ डिस्क तिजोरीत वह्यांशेजारी आहे; दिवाणजींनी तिच्यावर साल लिहिलेली चिठ्ठी चिकटविली आहे.