भांगेच्या बियांची चटणी

भांग म्हटले की आपल्याला होळीची ठंडाई आठवते. उत्तराखंडच्या कुमाऊँ-गढवाल भागात मात्र भांगेच्या बिया भाजून, वाटून, त्यांत मिरची-लिंबू घालून चटणी करतात. ती घरातली मुलेही खातात आणि कोणालाही नशा चढत नाही. असे का?

नशा आणणारे द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म केसांच्या टोकाला ग्रंथी असतात. त्यांतल्या चिकट राळेत ते तयार होते. बीच्या गरात ते तयारच होत नाही. टरफलाला राळ चिकटून येते, तेवढेच. म्हणून बिया नीट स्वच्छ करणे महत्त्वाचे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली बिया, त्यांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली, तेव्हा बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली. (म्हणून हे झाड शाळेच्या बागेत लावता येईल असे मात्र नाही! विनापरवाना लागवड हा १९८५च्या कायद्याने गुन्हा आहे.)

या बियांत सुमारे ३० टक्के तेल आणि २५ टक्के प्रथिने असतात. प्रथिनांत मुख्य वाटा एडेस्टिनचा. ते पचायला सोपे असते, पण त्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते. डाळीत ते भरपूर असते. तेव्हा डाळ-भातासोबत डावीकडे वाढलेली ही चटणी अगदी योग्य जागी आहे.

तेलात लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्ले साधारण ३ : १ प्रमाणात असतात. दोन्ही आपल्या शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. यांतले दुसरे आपल्या नेहमीच्या शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलात जवळजवळ नसते. ते केवळ भांगेतच मिळते असे मात्र नाही. आपल्या जवसात ते कितीतरी अधिक आहे, आणि जवस स्वस्तही आहे. महागड्या बाटल्यांवरील जाहिराती हे सांगत नाहीत. कॅनाबिडिऑल या द्रव्याचे गुणही या तेलाच्या नावावर खपवले जातात. त्या द्रव्यापासून केलेल्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली अपस्माराच्या दुर्मिळ प्रकारांसाठी मान्यता मिळाली हे खरे. पण तेही फुलोऱ्यातले द्रव्य, बियांतले नव्हे.

या मेदाम्लांच्या रेणूंत दुहेरी बंध अनेक असल्याने उष्णता, प्रकाश व हवा लागताच तेल खवट होते. त्यामुळे ते फोडणीला किंवा तळणाला वापरू नये. गार पदार्थावर वरून घ्यावे आणि बाटली अंधारात, थंड जागी ठेवावी.