सुरमा: नाव एकाचे, खनिज दुसरेच

निलंगा तालुक्याची भूमी काळ्या पाषाणाची. शिशाच्या खाणी येथे नाहीत. त्या राजस्थानात जावर वगैरे ठिकाणी आहेत. तथापि शिशाचे खनिज सुरम्याच्या पुडीतून येथील घरातही येऊ शकते.

'सुरमा' हा शब्द फारसीतून आला. कोशांत त्याचा अर्थ अँटिमनीचे खनिज असा आढळतो. परंतु निरनिराळ्या देशांत बाजारातील सुरमा तपासला असता अनेक नमुन्यांत गॅलेना निघाले. शिशाच्या धातुकाचे हे जुने लॅटिन नाव. शिसे व गंधक यांच्या या संयुगात वजनाने सुमारे ८६.६ टक्के शिसेच असते. दोन्ही खनिजे करडी, चकाकणारी. कुटली की काळसर भुकटी. नाव राहिले, वस्तू पालटली.

डोळ्यांतील सुरमा अश्रूंवाटे नाका-घशात उतरतो, बालकाच्या बोटांवरून तोंडात जातो. शिशामुळे रक्तक्षय होतो, मेंदूच्या विकासास बाधा येते. बालकांसाठी निर्धोक अशी मात्रा ज्ञात नाही. दिव्यावर धरलेले घरचे काजळ निराळे, ते काजळीचे असते. (तेही तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत घालू नये, असेच डॉक्टर सांगतात.) पुडीतील भेद नुसत्या नजरेला कळत नाही. बालकास सुरमा घातला जात असल्यास तो थांबवून वैद्यकीय अधिकाऱ्यांना तसे सांगावे. शरीरातील शिसे रक्ततपासणीतून कळते.