विश्लेषण : किरणोपचाराचे यंत्र जितके महाग, तितका उपचार चांगला?

कर्करोगाचे निदान झाले की अनेक रुग्णांना डॉक्टर 'शेक घ्यावा लागेल' असे सांगतात. मग कोबाल्ट, लिनॅक, आयएमआरटी, प्रोटॉन अशी नावे कानावर पडतात आणि त्यानुसार खर्चाचे आकडेही बदलतात. दागिने मोडण्यापूर्वी किंवा कर्ज काढण्यापूर्वी या पर्यायांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे.

किरणोपचारात नेमके काय होते?

उच्च ऊर्जेचे किरण कर्करोगाच्या पेशींमधील डीएनए तोडतात. त्यामुळे त्यांची वाढ थांबते. आसपासच्या निरोगी पेशींनाही इजा होते, पण त्या स्वतःला अधिक चांगल्या प्रकारे सावरतात. म्हणूनच किरणांची मात्रा बहुतेक वेळा एकदम न देता काही आठवड्यांत विभागून दिली जाते.

बाहेरून किरण देण्याचे पर्याय कोणते?

कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थावर चालणारी यंत्रे सर्वांत जुनी. भाभा अणु संशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' याच प्रकारचे. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर म्हणजेच 'लिनॅक' विजेवर क्ष-किरण तयार करतो. त्यावरील आयएमआरटी तंत्रात किरणांची तीव्रता गाठीच्या आकारानुसार कमी-जास्त करता येते. उपचारापूर्वी स्कॅन काढून गाठीची जागा तपासली, तर त्याला आयजीआरटी म्हणतात.

आतून किरण का देतात?

ब्रॅकिथेरपीमध्ये किरणोत्सारी स्रोत गाठीजवळ किंवा गाठीतच काही वेळ ठेवतात. गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगात बाहेरील किरणोपचार व केमोथेरपीनंतर ब्रॅकिथेरपी हा उपचाराचा अनिवार्य भाग आहे. कितीही आधुनिक लिनॅक असला, तरी तो तिची जागा घेऊ शकत नाही.

नव्या तंत्राने नेमका काय फायदा होतो?

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या एका चाचणीत याचे स्पष्ट उत्तर मिळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० महिलांपैकी काहींना जुन्या त्रिमितीय पद्धतीने, तर काहींना स्कॅनच्या आधारे आयएमआरटीने किरण देण्यात आले. तीन वर्षांनंतर आतड्यांच्या त्रासाचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. मात्र आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. म्हणजे येथे नव्या तंत्राने दुष्परिणाम निम्म्यावर आणले, पण बरे होण्याची शक्यता वाढली नाही.

प्रोटॉन थेरपी कोणासाठी?

प्रोटॉन ठरावीक खोलीवर ऊर्जा सोडून थांबतात, त्यामुळे गाठीच्या पलीकडील भाग वाचतो. लहान मुले, कवटीच्या तळाशी किंवा मज्जारज्जूजवळ गाठ असलेले रुग्ण यांना याचा मोठा उपयोग होतो. चेन्नईतील एका खासगी रुग्णालयात २०१९ पासून आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये २०२३ पासून ही सोय आहे. मात्र प्रत्येक कर्करोगासाठी तिची गरज नसते.

कमी दिवसांचा उपचार म्हणजे अपुरा उपचार?

तसे नाही. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी पाच आठवडे किरण दिले जात. आता अनेक रुग्णांना तीन आठवडे, तर निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळा किरण देणे पुरते. येथे रोजची मात्रा वाढवलेली असते. गावाहून येऊन शहरात राहणाऱ्या कुटुंबासाठी हा मोठा दिलासा आहे.

निर्णय घेताना काय विचारावे?

हे तंत्र माझ्या आजारात बरे होण्याची शक्यता वाढवते की फक्त त्रास कमी करते? ब्रॅकिथेरपी लागणार असल्यास ती कुठे मिळेल? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, संपूर्ण उपचार वेळेत पूर्ण होईल का? गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ब्रॅकिथेरपीसह सर्व उपचार आठ आठवड्यांत संपणे अपेक्षित असते. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे महागड्या यंत्राच्या प्रतीक्षेत किंवा पैसे संपल्याने अर्धवट राहिलेल्या उपचारापेक्षा, साध्या यंत्रावर वेळेत पूर्ण झालेला उपचार अधिक मोलाचा ठरतो.