वाट्याला आलेलं

आषाढात रामटेकच्या गडावर ढग टेकले की मला आधी शाप आठवतो, विरह नंतर. 'मेघदूता'तला यक्ष रामगिरीवर वर्षाची शिक्षा भोगत होता, आणि रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. कुबेर नुसतं बोलला, आणि कुणाचं तरी अख्खं वर्ष ठरलं! लॅटिनमध्ये दैवाला 'फातुम' म्हणतात. त्याचा मूळ अर्थच 'बोललं गेलेलं'.

आपल्या तोंडचे शब्द मात्र वेगळीच गोष्ट सांगतात. नशीब अरबीतून आलं, अर्थ हिस्सा. किस्मतही तिकडचीच, तिचं मूळ वाटणीत. भाग्याच्या पोटात तर उघड उघड 'भाग' आहे. ग्रीकांच्या दैव नेमणाऱ्या देवी म्हणजे मॉयरा, तो शब्दही हिश्शाचाच. आणि ओट्यावर बसलेली आजी काय म्हणते? "माझ्या वाट्याला हेच आलं बाई." इतक्या दूरदूरच्या माणसांना दैव म्हटल्यावर वाटणीच सुचावी, याचं नवल मला अजून सरत नाही.

मग हा वाटा लिहून कोण ठेवतं? बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंटा पूजतात, शेजारी कोरा कागद नि लेखणी ठेवतात, दिवा विझू देत नाहीत. रात्री सटवाई येते. तिचं नाव षष्ठीवरून, सहाव्या तिथीवरून आलेलं. सकाळी कागद कोराच असतो. ती लिहिते कपाळावर, म्हणजे नेमकं तिथं, जिथलं ज्याचं त्याला वाचता येत नाही.

रामटेकला दिलेला एक वाटा मात्र चक्क तांब्यावर कोरलेला आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा लवकर गेला, मुलं लहान, राज्य तिनंच सांभाळलं. पुढे मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर असताना, त्याच्या 19 व्या राज्यवर्षी, तिनं रामगिरीच्या देवाच्या, रामगिरीस्वामीच्या पायांशी एक दानपत्र दिलं. रिद्धपूरला सापडलेला हा ताम्रपट. दानात एक शेत, शेतावरचं घर आणि कसणाऱ्यांच्या चार झोपड्या.

दान घेणाऱ्यांचं पाराशर गोत्र पत्र्यावर कोरलेलं आहे. त्या चार झोपड्यांत कोण राहत होतं, ते कोरलेलं नाही.