भोक दिसलं म्हणजे तेल मिळालं असं नाही!

कानात हेडफोन आहेत ना? आज आपण समुद्राच्या तळाखालच्या एका दगडात डोकावणार आहोत.

तेलाचा विषय निघाला की अनेकांना वाटतं, जमिनीखाली तेलाचं तळं असतं. तसं नसतं. तेल असतं दगडाच्या बारीक छिद्रांत, स्पंजात पाणी असावं तसं. आपलं मुंबई हाय घ्या. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर, भर समुद्रात. 1974 साली 'सागर सम्राट'ने खोदलेल्या विहिरीत तिथे तेल लागलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथला मुख्य तेलसाठा चुनखडकात आहे. साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात शंख-शिंपले, शैवाल आणि सूक्ष्म जीवांची कवचं साचली, त्यांचाच हा खडक.

आता गंमत ऐका. चुनखडक पाण्यात विरघळतो, पुन्हा स्फटिक बनून साचतो. त्यामुळे त्याची छिद्रं बदलत राहतात. दोन नमुन्यांत सच्छिद्रता 20-20 टक्केच, पण एकातून तेल झरझर येतं आणि दुसऱ्यातून थेंबही नाही, असं होऊ शकतं. का? याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळतं. त्या अभ्यासाला म्हणतात पेट्रोग्राफी.

काम कसं चालतं? विहिरीतून आलेल्या दगडात आधी निळा रंग मिसळलेलं रेझिन निर्वात दाबाखाली भरतात. ते घट्ट झालं की काप घेऊन काचेवर चिकटवतात आणि 0.03 मिलिमीटर उरेपर्यंत घासतात. म्हणजे कागदापेक्षाही पातळ! इतक्या पातळ दगडातून प्रकाश आरपार जातो. कापाच्या अर्ध्या भागाला ॲलिझरिन रेड लावतात. कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट तसंच राहतं. याचा उपयोग पुढे होतो, कारण विहिरीत ॲसिड सोडायचं असेल तर ते कॅल्साइटवर झपाट्याने काम करतं, डोलोमाइटवर हळू.

मग बघायचं, दाणे किती आणि चिखल किती. रॉबर्ट डनहॅम यांनी 1962 मध्ये दिलेली वर्गवारी आजही वापरतात. ती मी स्वयंपाकघरातून समजावतो. शिऱ्यात बेदाणे असतात ना, एकमेकांना न टेकलेले? तो वॅकस्टोन: चिखल जास्त, दाणे तरंगते. दाणे एकमेकांना टेकले, पण मध्ये चिखल आहे, तर पॅकस्टोन. आणि चुरमुऱ्याचा लाडू म्हणजे ग्रेनस्टोन: दाण्याला दाणा टेकलेला, मध्ये मोकळी जागा. पण गूळ जास्त झाला तर? फटी बुजल्या! दगडात हे काम कॅल्साइटचं सिमेंट करतं.

आता शिऱ्यातले बेदाणे उचलून घ्या. भोकं भरपूर राहतील, पण एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही. कवचं विरघळून गेलेल्या चुनखडकात नेमकं हेच होतं. सच्छिद्रता भरपूर, पार्यता नाही. विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या लॉगवर फक्त सच्छिद्रता बघितली तर हा दगड छान वाटतो, आणि कोट्यवधींची विहीर कोरडी निघू शकते.

मीही असाच फसलोय बरं का. एमएस्सीला असताना मला एक काप मिळाला. 300 बिंदू मोजले, 66 बिंदू भोकांवर आले. मी ऐटीत लिहिलं: सच्छिद्रता 22 टक्के! सरांनी कापाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "अरे, यातली निळी किती?" पुन्हा मोजलं. निळे फक्त 27, म्हणजे 9 टक्के. बाकीची भोकं ओबडधोबड कडांची, रंग नसलेली. ती निसर्गाने नव्हे, मीच पाडली होती! घासताना दाणे उखडले होते. काप मीच घाईघाईत घासला होता, बोलणार कुणाला? पण तेव्हा कळलं, निळा रंग शोभेसाठी नसतो. त्या आकड्यावर पुढे कुणीतरी साठ्याचा हिशोब मांडतं.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. काप सपाट असतो, दगडाला खोली असते. कापात वेगळी दिसणारी छिद्रं आतून जोडलेली असू शकतात. म्हणून त्याच नमुन्याची पार्यता प्रयोगशाळेत मोजतात, लॉगशी ताडून बघतात आणि मगच निर्णय घेतात. काप 'का' सांगतो, मोजमाप 'किती' सांगतं. दोन्ही लागतात.

जाता जाता एक काम देतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पायाखाली काळा बेसॉल्ट, पण आजीच्या घरात शहाबादी फरशी असेल तर ती चुनखडकच आहे. हात फिरवून बघा, दाणे जाणवतात का? मग शिरा की चुरमुऱ्याचा लाडू, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!