आधी वही नीट, मग परदेशी भागीदार

मागच्या थंडीत गोंदियाच्या बाजारात आमच्या कापडाच्या गादीवर ओळखीतला एक नौजवान आला. नवेगावबांधजवळ पर्यटकांसाठी आठ खोल्यांचे विश्रामगृह काढावे, असा त्याचा इरादा होता. कोणा दलालाने त्याला फोनवर सांगितले होते की, आखातातला एक शेठ पन्नास लाख लावायला तयार आहे. फक्त कागदपत्रांच्या खर्चापोटी चाळीस हजार आधी भरावे लागतील. मुलगा अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवायला निघाला होता. वाटेत आमच्याकडे थांबला आणि म्हणाला, "चाचा, भरू का?"

आम्ही म्हणालो, "बेटा, ज्याला पैसा लावायचा आहे तो आधी पैसा मागत नाही."

बांगड्या वाचल्या. पण मुलाचा सवाल खरा होता. आपल्या जिल्ह्यातला लहान कारोबारी परदेशी भांडवल मिळवू शकतो का? मिळवायचे तर कसे? व्यापारी बंधूंसाठी आम्ही याचा थोडा हिसाब मांडत आहोत.

मालदीवचा धडा

पर्यटनावर उभा राहिलेला मुलुख म्हटला की मालदीवचे नाव घ्यावे लागते. आज जगभरचे भांडवल तिथल्या बेटांवर आहे. पण सुरुवात कशी झाली? जॉर्ज कॉर्बिन नावाचे एक इटालियन प्रवास व्यावसायिक नवी बेटे शोधत होते. कोलंबोत मालदीवच्या वकिलातीतले तरुण अधिकारी अहमद नसीम यांच्याशी त्यांची गाठ पडली. कॉर्बिन यांनी बेटे पाहिली आणि १९७२ साली इटालियन पाहुण्यांची एक टोळी घेऊन ते परत आले. हॉटेल नव्हतेच. पाहुणे माले शहरातल्या घरांत राहिले आणि खूश होऊन गेले. त्यानंतर स्थानिक तरुणांनी, ज्यांत मोहम्मद उमर मनिकू होते, त्याच साली ऑक्टोबरात कुरुंबा नावाचे तीस खोल्यांचे पहिले रिसॉर्ट सुरू केले. देशात तेव्हा बँकसुद्धा नव्हती. आपल्या स्टेट बँकेची शाखा तिथे १९७४ साली उघडली.

यातली बाब नीट पाहा. परदेशी माणूस आधी थैली घेऊन आला नाही, तो गिऱ्हाईक घेऊन आला. पाहुणचार पटला, भरवसा बसला, मग धंदा वाढला. मोठे भांडवल त्यानंतरचे. बेटांची मालकीही विकली गेली नाही. सरकार ती भाडेपट्ट्याने देत आले.

आपल्याकडे काय आहे?

गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे मोठे जंक्शन इथे आहे, बिरसीचा विमानतळ आहे. नागझिरा, नवेगाव आणि आसपासचे जंगल मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. नवेगावबांधचा जुना तलाव, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह, सालेकशाकडे हाजरा फॉल आणि कचारगडच्या गुहा आहेत. सारस पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः आपल्याच भागात उरला आहे. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने नवेगावचे नाव मराठी घराघरांत आधीच पोचवले आहे.

पण भागीदाराला खोट सांगितलीच पाहिजे. पावसाळ्यात जंगलाची सफारी बंद असते. म्हणजे बारा महिन्यांचा खर्च नऊ महिन्यांच्या कमाईतून काढायचा. जो बारा महिन्यांची कमाई दाखवतो त्याचा कागद जाणकार माणूस तिथेच मिटतो.

कायदा काय सांगतो?

हॉटेल व पर्यटनात शंभर टक्के परदेशी भांडवलाला मुभा आहे आणि त्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी सर्वसाधारणपणे लागत नाही. दिल्लीचे परदेशी गुंतवणूक मंडळ २०१७ सालीच गुंडाळले गेले. मात्र २०२० साली आपल्या सीमेला लागून असलेल्या देशांतल्या पैशासाठी वेगळी अट आली. आमच्यासारख्या किरकोळ कापड दुकानाला ही मुभा नाही. अनेक ब्रँडचा माल विकणाऱ्या किरकोळ दुकानदारीवर कडक बंधने आहेत.

परदेशी नागरिकाचे भांडवल एकट्याच्या दुकानात किंवा साध्या भागीदारी पेढीत सहजी घेता येत नाही. त्यासाठी कंपनी किंवा मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणजे एलएलपी, लागते. कंपनीत पैसा आला की साठ दिवसांत शेअर द्यावे लागतात आणि त्यानंतर तीस दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवावे लागते.

आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या भारतीय भाईबंदांची गोष्ट वेगळी. ते रक्कम परत बाहेर न नेण्याच्या तत्त्वावर साध्या पेढीतही पैसा लावू शकतात. शेती आणि जमीनजुमल्याचा व्यापार मात्र त्यातून वगळला आहे. पैसा बँकेतूनच आला पाहिजे. हवालाच्या वाटेला जाऊ नका. फेमा कायद्यात रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो.

जमिनीबाबत जास्त सावध राहा. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहसा घेता येत नाही, परदेशस्थ भारतीयालाही नाही. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जात नाही. जंगलालगत बांधकामाचे नियम आणखी कडक आहेत. सातबारा, अकृषक परवानगी आणि वनखात्याचे म्हणणे हाती नसेल तर भागीदाराला जागा दाखवायलासुद्धा नेऊ नका.

आमची चूक

हे सारे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. १९९६ साली आमच्या एका मामेभावाने कुवेतहून कारोबारासाठी रक्कम पाठवली. घरचा मामला म्हणून कागद केला नाही. त्याचा पैसा आणि दुकानाचा गल्ला एकच झाला. तीन वर्षांनी भाईजान सुट्टीवर आले आणि नफा विचारला. आमच्याकडे सांगायला आकडा नव्हता. आम्ही बेईमानी केली नव्हती, पण दाखवणार काय? रक्कम हप्त्याहप्त्याने फेडली. रिश्ता मात्र पूर्वीसारखा झाला नाही. मामूंच्या जनाज्यात आम्ही दोघे वेगवेगळ्या सफेत उभे होतो.

म्हणून सांगतो, कागद केला तर रिश्त्यावर अविश्वास होत नाही. कागदानेच रिश्ता वाचतो.

भागीदार काय पाहतो?

पहिले, तीन वर्षांचा तपासलेला हिसाब आणि भरलेले कर. दुसरे, जागेचे निर्मळ कागद. तिसरे, पैसा नेमका कशावर खर्च होणार आणि तुमचा स्वतःचा किती लागला. चौथे, तोटा झाला तर काय, आणि त्याला बाहेर पडायचे असेल तर वाट कोणती.

व्याज नको असलेल्यांसाठी नफा-नुकसानीची भागीदारी ही आपली ओळखीची रीत आहे. मुदारबात एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्या हिश्शाने, तोटा भांडवलावर. पण साध्या पेढीत देणेकऱ्यांसाठी प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार धरला जातो. म्हणून ही रीत पाळायची असेल तर चार्टर्ड अकाउंटंटकडून एलएलपीचा करार लिहून घ्यावा. सल्ल्याची फी द्या, 'शेठ मिळवून देण्याची' फी देऊ नका.

आणि शोधायचे कुठे? आधी आपल्याच जिल्ह्यातून बाहेर गेलेल्यांत. मग नागपूर-मुंबईच्या प्रवास कंपन्यांत, ज्या परदेशी पाहुणे आणतात. दुबईचा १९९४ साली सुरू झालेला अरेबियन ट्रॅव्हल मार्केट, बर्लिनचा आयटीबी ही मोठी बाजारपेठ त्यानंतरची. त्याआधी गोंदियाच्या जिल्हा उद्योग केंद्रात आणि पर्यटन विभागात आपली नोंद करा.

कारागीर बंधूंनीही हे वाचून बाजूला ठेवू नये. विश्रामगृह कोणाच्याही पैशाचे असो, पलंग सुताराचा, पडदे शिंप्याचे, भेट म्हणून घ्यायचा रुमाल कोशाचा लागतोच. भंडाऱ्याकडचा करवतकाठी कोसा आपल्या दारात विणला जातो. करार करतानाच 'माल शक्यतो जिल्ह्यातला' असे एक कलम घालून घ्या.

तो नौजवान आता काय करतो? त्याने घरातल्या दोन खोल्या रंगवल्या, पाहुण्यांची नोंदवही ठेवली, बँकेत वेगळे खाते काढले. परदेशी भागीदार अजून मिळालेला नाही. पण पुण्याहून पक्षी पाहायला आलेले एक कुटुंब याच मोसमात दुसऱ्यांदा येऊन गेले. ती वही त्याने आम्हाला दाखवली. आम्ही म्हणालो, "ही नीट सांभाळ. उद्या कोणी भागीदार आलाच तर आधी हीच मागेल."